‘कार्पेंटर्स’ : सोज्ज्वळ प्रतिमा आणि तिच्यामागे राबणारी दोन माणसे

स्वरगंध

गेल्या महिन्यात घराला रंग काढला, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आईच्या कॅसेटी सापडल्या. सुधीर फडके आणि माणिक वर्मा यांच्या शेजारी ‘कार्पेंटर्स’ या अमेरिकन भावाबहिणीच्या जोडीची एक कॅसेट होती आणि तिच्या वेष्टनावर आईने निळ्या शाईने दोन्ही बाजूंची गाणी देवनागरीत लिहून ठेवली होती. फीत आता वाजण्याच्या पलीकडे गेली आहे. म्हणून मी त्यांचे सगळे अल्बम प्रसिद्धीच्या क्रमाने पुन्हा ऐकायला घेतले, आणि तीन आठवडे रोज रात्री तेवढेच ऐकल्यावर जे मनात साठले, ते इथे मांडतो आहे.

आमच्या घरात या जोडीतली गायिका कॅरन कार्पेंटर हिच्याविषयी एकच विशेषण ठरलेले होते, ते म्हणजे ‘सोज्ज्वळ’. तिच्या स्वतःच्या देशातही १९७०नंतर तिची आणि तिचा भाऊ रिचर्डची ओळख याच अर्थाच्या शब्दांनी होत राहिली. केस नीट विंचरलेली, धुतल्या तांदळासारखी भावंडे, आईवडिलांसोबत राहणारी, कोणत्याही वयाच्या माणसाने निर्धास्तपणे ऐकावीत अशी गाणी गाणारी. १ मे १९७३ रोजी ती दोघे व्हाइट हाउसमध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट यांच्या मेजवानीत गायली, तेव्हा अध्यक्ष निक्सन यांनी त्यांचा गौरव तरुण अमेरिकेचे सर्वोत्तम रूप असा केला. आदल्याच दिवशी वॉटरगेट या राजकीय घोटाळ्याच्या प्रकरणात निक्सन यांच्या सर्वांत जवळच्या सहकाऱ्यांनी राजीनामे दिले होते. त्या संध्याकाळी त्या घराला अशा निर्मळ चेहऱ्यांची किती गरज असेल, हे सांगायला नको.

या प्रतिमेमुळे एक मोठी गोष्ट झाकली गेली, असे मला मनापासून वाटते. ही दोन्ही माणसे आधी कामकरी वादक होती. रिचर्डचा जन्म १९४६चा आणि कॅरनचा १९५०चा, दोघांचाही न्यू हेवन, कनेक्टिकटमधला. १९६३ मध्ये कुटुंब लॉस एंजेलिसजवळच्या डाऊनी या गावी आले, त्यामागे रिचर्डच्या पियानोला वाव मिळावा हाही एक हेतू होता. पुढची सहा वर्षे म्हणजे सरळ उमेदवारी आहे. रिचर्ड, कॅरन आणि बास व ट्यूबा वाजवणारा एक मित्र अशा त्रिकुटाने १९६६ मध्ये हॉलिवुड बोल या खुल्या रंगमंचावरची बँड स्पर्धा जिंकली, मोठ्या कंपनीशी करार झाला आणि एकही ध्वनिमुद्रिका न निघता तो संपला. त्याच वर्षी कॅरनच्या आवाजातली एक तबकडी एका लहान कंपनीने काढली, तिच्या जेमतेम ५०० प्रती निघाल्या. १९६७ मध्ये रिचर्ड आणि त्याचा गीतकार मित्र जॉन बेट्टिस डिस्नीलँडमधल्या एका उपाहारगृहात जुन्या जमान्याच्या वेशात जुनी गाणी वाजवण्याच्या नोकरीवर होते. पाहुणे नव्या गाण्यांची फर्माईश करत, ही दोघे ती पुरी करत, आणि त्याच कारणावरून त्यांना काढून टाकण्यात आले. त्या व्यवस्थापकाला उद्देशून त्यांनी पुढे एक गाणे रचले आणि ते १९७०च्या ‘क्लोज टू यू’ अल्बमवर आहे. ज्यांना ही भावंडे निव्वळ गोग्गोड वाटतात, त्यांनी ते आवर्जून ऐकावे.

एप्रिल १९६९ मध्ये हर्ब अल्पर्ट यांनी त्यांना ए अँड एम या ध्वनिमुद्रिका कंपनीत घेतले, तेव्हा कॅरन एकोणीस वर्षांची होती. पहिला अल्बम फारसा खपला नाही. दुसऱ्या वर्षी ‘क्लोज टू यू’ हे गाणे चार आठवडे अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्या उन्हाळ्यापासून प्रतिमेचा कारभार सुरू झाला.

हेच गाणे हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकून पाहा. गाणे संपल्यासारखे थांबते, क्षणभर काहीच नसते, आणि मग ‘वा’ असा लांबवलेला आवाजांचा एक मोठा पडदा उघडतो. एखादे पंधरावीस जणांचे गायकवृंद असावे, असे वाटते. ते सगळे आवाज या दोघांचेच आहेत. चार सुरांची स्वररचना, प्रत्येक सूर पुन्हापुन्हा गाऊन एकावर एक बसवलेला. प्रत्येक थरात श्वास त्याच जागी घ्यायचा, शब्द त्याच क्षणी सोडायचा, कंपन तेवढेच ठेवायचे. ज्याने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्याच आवाजावर दुसरा आवाज चढवून पाहिला असेल, त्याला या कामाची किंमत कळेल.

माझा प्रश्न असा आहे की, ‘सोज्ज्वळ’ म्हणून आपण जे ऐकत आलो, ते त्यांच्या स्वभावाचे लक्षण आहे की त्यांच्या कारागिरीचे? आणि दुसरे असेल, तर आपण त्यांच्या पदरात चुकीचे कौतुक टाकत आलो का?

ठेका_धरून

लेख वाचून लगेच लिहायला बसलो आहे, कारण माझा धंदाच हा आहे. तीस वर्षे मी ऱ्हिदम सेक्शनमध्ये वाजवतो आहे, आधी ढोलकी आणि कोंगो, नंतर ड्रमसेट आणि ऑक्टोपॅड.

तुम्ही कॅरनचा आवाज घेऊन आलात, पण ती स्वतःला आधी ड्रमर समजत असे, आणि हा मुद्दा माझ्या मते या चर्चेचा कणा आहे. शाळेत व्यायामाचा तास चुकवण्यासाठी ती संचलनाच्या बँडमध्ये शिरली. तिथे तिच्या हातात ग्लॉकेनस्पील हे धातूच्या पट्ट्यांचे वाद्य देण्यात आले. तिचे लक्ष मात्र शेजारच्या ड्रमवर होते. घरी बारच्या उंच स्टुलांवर चॉपस्टिकने ती जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेकच्या तबकड्यांबरोबर हात बसवत असे. ब्रूबेकची ‘टेक फाइव्ह’ ही पाच मात्रांची चाल स्टुलावर धरणे किती अवघड आहे, हे ज्याने पाच मात्रांत काही वाजवले आहे त्यालाच समजेल. आपल्याकडे झपतालाच्या दहा मात्रा अंगात मुरलेल्या असतात, तरीही पाचची पाश्चात्त्य विभागणी हाताला सहज येत नाही.

पहिल्या अल्बमवर सगळे ड्रम तिचे आहेत. ‘क्लोज टू यू’च्या सुरुवातीच्या प्रयत्नांतही तीच वाजवत होती, पण अंतिम ध्वनिमुद्रणात हॅल ब्लेन बसले. ते लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंतले त्या काळातले अव्वल ड्रमर, म्हणजे त्यात मानहानी अशी काही नाही. तरी पुढच्या बहुतेक गाजलेल्या गाण्यांवर ब्लेनच राहिले, आणि कार्यक्रमांतही १९७१च्या सुमारास तिला ड्रमच्या मागून उठवून मंचाच्या पुढे, माइकसमोर उभे करायला सुरुवात झाली. कारण व्यवहाराचे होते. पाच फूट चार इंचांची मुलगी ड्रमसेटच्या मागे दिसतच नसे आणि लोक तिकीट काढून जो आवाज ऐकायला येत, त्याचा चेहरा त्यांना हवा होता. सुरुवातीला तिची त्याला तयारी नव्हती.

वादकाच्या अंगाने हे पाहा. ड्रमच्या मागे बसलेल्या माणसाचे दोन्ही हात, दोन्ही पाय कामात असतात आणि त्याला आपल्या शरीराकडे पाहायला सवड नसते. त्या माणसाला उचलून, लांब झगा घालून, प्रखर झोतात मोकळ्या हातांनी उभे केले की त्याने हातांचे काय करायचे? मला स्वतःला एकदा निवेदक आजारी पडल्यामुळे दहा मिनिटे पुढे उभे केले होते. सतत वाटत होते की आपल्याला कुणीतरी उघडे पाडले आहे.

१९७३च्या ‘नाऊ अँड देन’ अल्बमवर जवळजवळ सगळे ड्रम पुन्हा तिचेच आहेत, ते जरूर ऐका. हात हलका आहे, भरावाच्या जागा मोजक्या आहेत आणि ठेका कुठेही पळत नाही. गाणाऱ्या माणसाने वाजवलेले ड्रम ओळखू येतात, कारण तो शब्दाच्या अंगावर कधी पडत नाही.

मांडवीकाठ

चर्चा सुंदर चालली आहे. थोडा वेगळा सूर लावण्याची परवानगी असावी.

मी गोव्यातली. आमच्याकडे लग्नाच्या स्वागतसमारंभात बँड असतोच, आणि माझ्या लहानपणी ‘वुईव्ह ओन्ली जस्ट बिगन’ वाजल्याशिवाय जोडप्याचे पहिले नृत्य झाले, असे फार थोड्या लग्नांत पाहिले. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात आमच्या वाड्यावरच्याच एका मुलीने ते गायले होते. तिने तिसऱ्या ओळीत शब्द चुकवले तरी सगळा मांडव तिच्यासोबत म्हणत होता. तर या गाण्याचा उगम एका बँकेच्या दूरचित्रवाणी जाहिरातीत आहे. कॅलिफोर्नियातल्या क्रॉकर बँकेला तरुण ग्राहक हवे होते, म्हणून पॉल विल्यम्स आणि रॉजर निकोल्स यांनी नवविवाहित जोडप्यावर एक छोटेसे गीत रचले. रिचर्डने ते टीव्हीवर ऐकले, आवाज विल्यम्सचा आहे हे ओळखले आणि पूर्ण गाणे आहे का, अशी विचारणा केली. बँकेची जाहिरात लग्नाचे गाणे झाली ती त्याच्या कानामुळे आणि कॅरनच्या गळ्यामुळे.

माझा मुद्दा असा की, सोज्ज्वळपणा कुणीतरी बाहेरून त्यांच्यावर चिकटवला, असे सरसकट म्हणता येत नाही. कोणती गाणी घ्यायची, कशी मांडायची, हे रिचर्ड ठरवत होता. ‘सुपरस्टार’ या गाण्यात मूळ शब्दांप्रमाणे गाणारी स्त्री पुन्हा आपल्या प्रियकरासोबत झोपण्याची वाट पाहते. रेडिओवर ते चालणार नाही, हे ओळखून रिचर्डने तिथे फक्त सोबत असण्याचा शब्द घातला. कंपनीने बळजबरी केल्याचे मी कुठे वाचलेले नाही. एखाद्या कलाकाराने जाणूनबुजून घरातल्या सगळ्यांसमोर ऐकता येईल असे काम केले, तर त्याला मुखवटा का म्हणावे? माझ्या आईला इंग्रजी फारसे येत नव्हते, पण तिने ही गाणी कोकणी मांडो गीतांच्या आणि चर्चमधल्या गायनाच्या शेजारी आदराने ठेवली. तो आदर खोट्यावर उभा होता, हे मी मान्य करणार नाही.

स्वरगंध

मांडवीकाठ, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि माझ्या मांडणीतली एक ढिलाई तुम्ही नेमकी पकडली आहे. संगीताचा गोडवा त्यांनी स्वतः निवडला, हे मला मान्य आहे. त्या गोडव्यावरून त्यांच्या आयुष्याबद्दल जी चित्रे काढली गेली, ती मात्र त्यांना नको होती. १९७४ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ या संगीतविषयक नियतकालिकाने मुखपृष्ठावर घेऊन त्यांच्यावर मोठा लेख छापला, त्यातही दोघांनी या प्रतिमेबद्दलची आपली कुचंबणा बोलून दाखवली होती. ‘क्लोज टू यू’ अल्बमच्या मुखपृष्ठावरचा तो समुद्रकाठचा फोटो रिचर्डला कधीच आवडला नाही. बहीण आणि भाऊ असूनही त्यांना एखाद्या प्रेमी जोडप्यासारखे बसवायचे, गुलाबी प्रकाशात हसवायचे आणि मग समीक्षकांनी त्याच हसण्यावरून गाणी निकालात काढायची, असा तो प्रकार होता.

तुम्ही ‘सुपरस्टार’चे नाव काढलेत म्हणून सांगतो. ते १९७१चे गाणे. सुरुवातीला ओबो आणि हार्प, खाली जो ऑस्बॉर्न या वादकाचा बास. कॅरन ज्या पट्टीत प्रवेश करते, तिथे बहुतेक गायिका पोहोचतच नाहीत, आणि पोहोचल्या तरी आवाजाचा पोत गळून पडतो. तिचा पोत तिथेच उजळतो. खालच्या सुरांतच आपली खरी कमाई आहे, या अर्थाचे ती ‘तळघरात पैसा आहे’ असे म्हणत असे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी साज बसवताना वादकांना अंदाज यावा म्हणून तिने जो कच्चा आवाज दिला, तोच अखेर ठेवण्यात आला आणि ते शब्द तिने कागदी नॅपकिनवरून वाचले होते, असे रिचर्डने सांगितले आहे. एक शब्द बदलून गाणे धुऊन घेतले खरे, पण जी वाट पाहणारी स्त्री त्या आवाजात उभी राहते, तिला कुठलाही बदललेला शब्द सभ्य करू शकत नाही. ‘सोज्ज्वळ’ हे विशेषण मला इथे तोकडे पडते.

आता ‘गुडबाय टू लव्ह’ पाहा, १९७२चे. रिचर्डची चाल, बेट्टिसचे शब्द. ओळी एवढ्या लांब आहेत की श्वास कुठे घ्यायचा हा प्रश्नच पडतो आणि कॅरन तो कुठे घेते हे सापडत नाही. मध्यंतरासाठी रिचर्डने टोनी पेलुसो या गिटारवादकाला बोलावले. हा पूर्वी त्यांच्या कार्यक्रमाआधी वाजवणाऱ्या एका बँडमध्ये होता. त्याने आधी नरम, बेताचे काहीतरी वाजवून दाखवले. रिचर्डने सांगितले की पहिली पाच आवर्तने मूळ चाल धर आणि नंतर मोकळा सुटून जा. मग जे वाजले ते फाटक्या, गुरगुरत्या आवाजाचे गिटार. हळव्या गीतात असे गिटार त्यापूर्वी क्वचितच कुणी घातले असेल, नंतर मात्र त्याची रीतच पडली. त्यावर श्रोत्यांकडून संतापाची पत्रे आली. तुम्ही विकले गेलात, रॉकवाल्यांच्या नादी लागलात, असा त्यांचा रोख होता. ज्या लोकांनी त्यांना निर्मळ म्हणून डोक्यावर घेतले, त्यांनीच त्यांना एका गिटारीचीही मोकळीक दिली नाही. प्रतिमेचा जाच म्हणजे काय, हे मला त्या पत्रांवरून जास्त कळते.

सुमिदातीर

मी बारा वर्षे तोक्योत नोकरी करते, म्हणून एवढीच भर घालते. इथे ‘कार्पेंटर्स’ जुने झालेले नाहीत. दुकानांत, स्थानकांवर, कराओकेच्या खोल्यांत ती गाणी अजून ऐकू येतात आणि माझ्या कार्यालयातल्या साठीच्या सहकाऱ्यांना ‘येस्टरडे वन्स मोअर’ इंग्रजीच्या एकेका अक्षरासह पाठ आहे. १९७४ मध्ये त्यांचे कार्यक्रम इथल्या बुदोकान या मोठ्या सभागृहात झाले. त्या दौऱ्यात कुणा जपानी वार्ताहराने ‘लीड सिंगर’ऐवजी ‘लीड सिस्टर’ असा उल्लेख केला, तो कॅरनला इतका भावला की ती पुढे ही अक्षरे छापलेला टीशर्ट घालून ड्रम वाजवत असे.

नंतर १९९५ मध्ये इथल्या एका दूरचित्रवाणी मालिकेने त्यांची दोन गाणी शीर्षकासाठी वापरली आणि ज्यांचा जन्मही कॅरनच्या हयातीत झाला नव्हता, अशा शाळकरी मुलांनी त्यांच्या सीडी विकत घेतल्या. त्या मुलांना अमेरिकेतली ती सगळी प्रतिमेची भांडणे ठाऊक नव्हती. त्यांना आवाज ऐकू आला. माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी म्हणाली की इंग्रजीतला प्रत्येक शब्द वेगळा कळेल इतका स्पष्ट गाणारा हा एकच आवाज तिच्या ओळखीचा आहे.

वाद्यवृंदवाला

उशिरा लिहितो आहे, कारण सध्या हंगाम सुरू आहे. गणपती ते कोजागरी आम्ही घरी फक्त कपडे बदलायला येतो.

मूळ लेखात ‘कामकरी वादक’ असा शब्द आला, तो वाचून बरे वाटले. एक आकडा त्याच्या शेजारी ठेवा. सत्तरच्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात हे लोक वर्षाला दीडशे ते दोनशेच्या आसपास कार्यक्रम करत होते. वर्षाला एक अल्बम, दूरचित्रवाणीवर हजेऱ्या, मुलाखती, हे वेगळेच. आमच्या भाषेत सांगायचे तर सुपारीमागून सुपारी. आणि हे संगीत असे की त्यात सूट घेता येत नाही. एखादा रॉक बँड मंचावर सैल वाजवू शकतो, त्याला जोश म्हणतात. ‘कार्पेंटर्स’कडून लोकांना तबकडीवर ऐकलेले हुबेहूब हवे असे आणि रिचर्डही ते तसेच देण्याबद्दल कमालीचा काटेकोर होता. बारा थरांचा आवाज चारपाच गायकांत मंचावर उभा करणे, रोज नव्या सभागृहात, रोज नव्या पियानोवर. प्रवासाने सुजलेले पाय घेऊन साउंड चेकला उभे राहिल्यावर हसता येत नाही, पण या दोघांना रात्री हसायचे होतेच, कारण तेही विकले जात होते.

मी एकदा ताप अंगात असताना सलग नऊ कार्यक्रम वाजवले. ठेकेदाराने गाडीत गोळ्यांची पाकिटे ठेवली होती, झोपेची वेगळी आणि जागे राहण्याची वेगळी. आम्ही सगळे तरुण होतो आणि कुणालाही त्यात वावगे वाटले नाही. म्हणून रिचर्डची कहाणी माझ्या फार जवळची आहे. त्याला झोप लागावी म्हणून सुरू झालेल्या गोळ्यांची सवय १९७८ पर्यंत अशी वाढली की पियानोवर हात थरथरू लागले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये लास व्हेगासमधले कार्यक्रम अर्धवट सोडून तो थांबला आणि १९७९च्या सुरुवातीला कॅन्ससमधल्या टोपेका गावी उपचारासाठी दाखल झाला. तो त्यातून बाहेर आला, हे त्याचे मोठे काम मी त्याच्या कोणत्याही मांडणीइतकेच मानतो.

ज्यांच्या मुखपृष्ठावर दूध आणि ऊन असे, त्या घरातला मोठा भाऊ दहा वर्षे पुरेशी झोप शोधत होता. हे कळले म्हणून श्रोत्यांनी त्यांच्यावर कमी प्रेम केले असते, असे मला वाटत नाही. त्यांना मात्र तशी भीती वाटत असावी. प्रतिमा चांगली असली की आजार सांगणे अधिक अवघड जाते, एवढे मी माझ्या धंद्यात पाहिले आहे.

ओंजळ

इतका वेळ सगळ्यांनी कॅरनच्या आजाराला बगल दिली आहे, बहुधा सभ्यतेपोटी. मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, म्हणून बेताने लिहिते.

तिला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हा, वजन वाढण्याच्या भीतीने माणूस खाणे टाळत जातो असा मानसिक आजार होता. १९७५ मध्ये प्रकृती इतकी ढासळली की युरोपचा दौरा रद्द करावा लागला. त्या काळी सामान्य अमेरिकन माणसाने या आजाराचे नावही ऐकले नव्हते. घरच्यांना तो हट्ट वाटत होता, प्रेक्षकांना तो कष्टाचा शीण वाटत होता. १९८२ मध्ये तिने न्यूयॉर्कला जाऊन उपचार घेतले आणि ४ फेब्रुवारी १९८३ रोजी, डाऊनीमध्ये, आईवडिलांच्या घरी ती हृदय बंद पडून गेली. बत्तीस वर्षांची होती. तिच्या मृत्यूनंतर वर्तमानपत्रांनी या आजाराबद्दल अधिक ठळकपणे लिहायला सुरुवात केली आणि अनेक घरांत पहिल्यांदाच त्याला नाव मिळाले.

माझी एक कळकळीची विनंती आहे. प्रतिमेमुळे हा आजार झाला, असे सरळ सूत्र कृपया कुणी मांडू नये. असे आजार अनेक धाग्यांनी विणलेले असतात आणि त्यातला एक धागा ओढून संपूर्ण गाठ सुटत नाही. ठेका_धरून यांनी झोतात उभ्या केलेल्या ड्रमरचे वर्णन केले, ते मला पटले, पण त्यापुढची पायरी मी चढणार नाही. आणि कृपया तिचे १९८१ नंतरचे फोटो इथे लावू नका. ती आपली रुग्ण नाही, ती आपल्यासाठी गायली आहे. कुणाच्या घरी जेवणाशी असे भांडण सुरू झालेले दिसले, तर त्याला हट्ट न समजता लवकर डॉक्टरांकडे जावे, एवढेच सांगते.

ठेका_धरून

ओंजळताई, तुमचे म्हणणे शिरसावंद्य. फोटोंऐवजी मी त्यांच्या १९७६च्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाची आठवण करून देतो. त्यात कॅरन मांडून ठेवलेल्या वेगवेगळ्या ड्रमसेटांवरून एकामागून एक पळत जाऊन वाजवते. कार्यक्रमाचा थाट थोडा सर्कशीसारखा आहे आणि एरवी मला तो आवडला नसता. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहा. झग्यात, माइकसमोर उभी असताना तिचे हसू अभ्यासाचे असते. इथे ती हसत नाही, जीभ दातांत धरते आणि तिचे लक्ष फक्त पुढच्या ठोक्यावर असते. आमच्यातले सगळे असेच दिसतात.

मांडवीकाठ

माझा आग्रह मी थोडा सैल करते. सोज्ज्वळपणा त्यांचा स्वतःचा होता, यावर मी अजून ठाम आहे, परंतु वाद्यवृंदवाल्यांचे लिहिणे वाचून असे जाणवले की आम्ही श्रोत्यांनी त्याची किंमत कधी विचारली नाही. एक व्यावहारिक प्रश्न आहे. माझ्या भाचीला आता ही गाणी ऐकवायची आहेत. ऑनलाइन एकाच गाण्याच्या अनेक आवृत्त्या दिसतात आणि त्यांत फरकही ऐकू येतो. सुरुवात कुठून करावी?

स्वरगंध

फरक ऐकू येतो, कारण रिचर्ड आजतागायत ती ध्वनिमुद्रणे पुन्हापुन्हा दुरुस्त करत आला आहे. नव्याने मिश्रण करणे, पियानो पुन्हा वाजवणे, अगदी २०१८ मध्ये लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाची नवी साथ कॅरनच्या जुन्या आवाजाभोवती बसवणे, हे सगळे त्याने केले आहे. काही जुन्या श्रोत्यांना ही ढवळाढवळ वाटते. मला त्यात बहिणीच्या आवाजासोबत अजून कामावर जाणारा भाऊ दिसतो.

भाचीला मी एकच गाणे दोनदा ऐकवीन. ‘टिकेट टू राइड’ हे बीटल्सचे गाणे त्यांनी १९६९च्या पहिल्या अल्बमवर संथ करून घेतले होते. १९७३ मध्ये निवडक गाण्यांचा संग्रह काढताना त्यांना ते जुने गायन पसंत पडेना, म्हणून कॅरनने ते नव्याने गायले. त्या संग्रहात तेच नवे गायन आहे. पहिल्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती, दुसऱ्या वेळी तेवीस. पहिलीत ती सूर शोधत वर जाते आणि शब्दांच्या टोकांवर थोडी घाई करते. दुसरीत ती खाली उतरून बसली आहे, प्रत्येक शब्द पुरता संपू देते, आणि मधल्या चार वर्षांतले सगळे दौरे, सगळे थर, सगळी सभागृहे तिच्या श्वासात ऐकू येतात. आधी १९६९चे लावा, मध्ये काही बोलू नका, आणि लगेच १९७३चे लावा. भाचीला काय ऐकू आले, ते इथे जरूर लिहा.